चोपन्नची सायकल

"हे दोन्ही मांड्यांच्या मध्ये घट्ट धरा आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहा," असं म्हणून त्या मुलीनं माझ्या हातात टेलिफोनची एक जुनी डिरेक्टरी ठेवली.

मी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. शशिकला स्टुलावर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. मी, भूपाल मगदूम, वजनमापं खात्यातला निवृत्त निरीक्षक. मी दिसलो की मिरजेच्या बाजारात तागड्या आपोआप सरळ व्हायच्या. तो मी आता चपला काढून, मांड्यांत डिरेक्टरी धरून सायकलच्या दुकानात भिंतीला चिकटलो होतो.

मुलीनं डिरेक्टरीच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावला आणि आकडा वहीत लिहिला. मग पुन्हा टेप लावला आणि पुन्हा लिहिला.

"एकदा मोजून भागत नाही का?" मी विचारलं.

"तुमच्या बाबतीत नाही, काका," ती म्हणाली.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथंच. माझ्या बाबतीत नाही म्हणजे काय?

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासून पोट भरलेला माणूस घरी बसला की काय होतं, ते शशिकलाला विचारा. गवळ्याचं दूध मी मापून घ्यायचो. साखरेचं पाकीट फोडायच्या आधी वजन करायचो. ती म्हणायची, लग्नात मंगळसूत्र घालायच्या आधी तुम्ही ते तोलून बघितलं नाही, एवढंच माझं नशीब. त्यातच डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि चाला म्हणाले. चालायचा मला कंटाळा. सायकलचं मात्र वेड होतं. पहिल्या नेमणुकीला जत तालुक्यात होतो तेव्हा काळ्या सायकलच्या कॅरिअरला वजनांची पेटी बांधून मी दिवसाला चाळीस-चाळीस किलोमीटर हिंडायचो. पुढं खात्याची जीप आली आणि सायकल सुटली ती सत्तावीस वर्षं. आता दर रविवारी पहाटे आमच्या गॅलरीखालून तीस-पस्तीस जणांचा घोळका दंडोबाच्या डोंगराकडे जायचा, वाकड्या हँडलच्या बारीक टायरच्या सायकली घेऊन. त्यांच्याकडे बघून माझे पाय शिवशिवायचे.

त्यातल्याच एकानं या दुकानाचं नाव सुचवलं. सांगली रोडला आठ महिन्यांपूर्वी उघडलं होतं. गिरिजा नावाची अठ्ठावीसएक वर्षांची मुलगी एकटीच चालवायची. अख्खा घोळका तिच्याकडे जातो म्हणाला. ती माणूस मोजून सायकल देते.

मला मोजायचं काही कारण नव्हतं, कारण माझी निवड झालेली होती. काचेत एक लालभडक सायकल उभी होती, उंच, सडसडीत, हँडल खाली झुकलेलं. तिच्यावर मी जरा टेकून बघितलं आणि मला पंचवीस वर्षांचा झाल्यासारखं वाटलं. गिरिजानं मला खाली उतरवलं, वाकून पायाची बोटं धरायला सांगितली. माझे हात गुडघ्याच्या जरा खाली जाऊन थांबले. तेवढं बघून ती म्हणाली की लाल सायकल तुमची नाही. ती छप्पन्नची, म्हणजे छप्पन्न सेंटिमीटर मापाची आहे आणि शर्यतीची आहे. चार दिवस हौसेनं चालवाल, मग पाठ धरेल, मान धरेल, आणि महिन्याभरात तिच्यावर गॅलरीत टॉवेल वाळत पडतील. तुमच्यासाठी चोपन्नची घ्यायची. हँडल वर असलेली, टायर जरा जाड, चढाला हलके गिअर. तशी एक करड्या रंगाची येते, पण मागवावी लागेल, दहा दिवस लागतील.

शशिकलाला पटलं. मला नाही पटलं. समोरचा माल असताना दुकानदार तो विकत नाही, तेव्हा त्याच्या गोदामात काय पडून आहे ते बघावं, हे आम्ही नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो. करडी सायकल कुणी परत केलेली असेल. नाहीतर तिला फटका लागलेला असेल. मी तसं घरी बोलून दाखवलं. शशिकला म्हणाली, "गाढव विकत घेताना पण तुम्ही त्याला विचाराल, तुझे कान खरे कशावरून."

दहा दिवसांनी गिरिजाचा फोन आला. मी एकटाच गेलो.

करडी सायकल स्टँडवर उभी होती. दिसायला नवी कोरी, मी खोड काढायला बसलो तरी सापडेना. मी सगळीकडून फिरून बघत होतो, तेव्हा कामाच्या टेबलावर बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलेलं लोखंडी वजन दिसलं. पाच किलोचं, षटकोनी, जुन्या पद्धतीचं. हात आपोआप गेला आणि मी ते उलटं केलं. अशा वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं भरून वजन बरोबर करतात आणि शिशावर सरकारी शिक्का मारतात. या वजनाचं भोक रिकामं होतं. शेजारी लोखंडात छिन्नीनं मारलेली एक फुली होती, डावा पाय जरा लांब असलेली.

ती फुली माझ्या हातची होती. खोटं निघालेलं वजन रद्द करताना मी अशीच फुली मारायचो.

"तुमचं आडनाव काय म्हणालात?" मी विचारलं.

"हुक्केरी."

"मल्लाप्पा हुक्केरींची…"

"मुलगी," ती म्हणाली आणि चाकाचे नट आवळत राहिली.

मल्लाप्पा हुक्केरीचं मिरजेच्या बाजारात धान्याचं दुकान होतं. पंच्याण्णव साली दिवाळीच्या आधी मी तपासणीला गेलो, तेव्हा त्याच्याकडचं पाचाचं वजन चाळीस ग्रॅमनं हलकं निघालं. शिसं गायब. मी केस केली, त्यानं दंड भरला, वजन फुली मारून परत गेलं. कायद्यानं विषय तिथं संपतो. पण मी अहवालात एक ओळ लिहिली होती, 'ग्राहकांना फसवण्याच्या हेतूने'. ती ओळ मी पेपरवाल्यालाही सांगितली होती, कारण दिवाळीत एक बातमी आली की बाकीचे सगळे सुतासारखे सरळ होतात. बातमीचा मथळा होता 'मापात पाप'. वर्षभरात दुकान बंद पडलं, तो गावाकडे जाऊन पंक्चर काढतो असं कानावर आलं. मला वाईट वाटलं नव्हतं. केस खरी होती.

आता सगळं उलगडलं. ही मल्लाप्पाची पोरगी. मी कोण ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बापाचं वजन तिनं एकवीस वर्षं जपून ठेवलं होतं. अशी माणसं काहीतरी साधल्याशिवाय राहत नाहीत.

ती आत पंप आणायला गेली. माझ्या खिशात पोलादी टेप असायचा, निवृत्तीनंतरही. मी सायकलच्या मधल्या दांड्याला लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जतच्या दिवसांत सायकल अशीच मोजायची असते हे मला शिकवलं होतं. दांड्यावर चिकटवलेला आकडा होता चोपन्न. टेप सांगत होता सव्वाबावन्न.

खरं सांगतो, मला आनंद झाला. शोधत होतो ते सापडल्याचा आनंद. ती बाहेर आली तेव्हा मी पैशाचं काहीतरी निमित्त सांगितलं, सायकल रविवारी नेतो म्हणालो आणि निघालो.

आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवण होतं. ताटावर बसल्या बसल्या मी शशिकलाला सगळं सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता थांबली. म्हणाली, तिला सरळ विचारा ना, तोंड आहे की नाही तुम्हाला? मी म्हणालो, चोराला विचारून चोरी कुणी कबूल करत नाही, नदाफला घेऊन जाणार. नदाफ माझ्या हाताखाली होता, आता माझ्या जागी निरीक्षक झाला होता.

"आणि तुमचं चुकलं असेल तर?" शशिकलानं विचारलं.

"टेप चुकत नाही."

"मी टेपाला नाही म्हणाले. त्या पोरीचं दुकान आठ महिन्यांचं आहे. विश्वासावर चाललंय. एकदा बोभाटा झाला की संपलं. एका कुटुंबाचं दुकान तुमच्या हातानं उठलं, आता दुसऱ्यांदा त्याच कुटुंबाचं."

मी म्हणालो की मल्लाप्पाची केस खरी होती. तिनं थांबलेली भाकरी माझ्या ताटात वाढली. पण जेवण होईपर्यंत तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

रविवारची सकाळ मी मुद्दाम निवडली. दंडोबाहून परत आल्यावर तो घोळका गिरिजाच्या दुकानासमोर चहा प्यायचा. नदाफला मी सांगितलं की साक्षीदार मिळतील. खरं म्हणजे मला ते चारचौघांत करायचं होतं. आज सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

नदाफ बिचारा अवघडला होता. सर, हे आपल्या खात्यात बसतं का, असं दोनदा कुजबुजला. मी त्याच्या हातात टेप दिला. गिरिजानं सायकल स्वतःहून बाहेर आणून उन्हात उभी केली. चहाचे पेले घेऊन माणसं भोवती जमली. नदाफनं दांडा मोजला आणि आकडा मोठ्यानं वाचला, "सव्वाबावन्न."

"आणि लिहिलंय काय?" मी विचारलं.

"चोपन्न."

मग एक टकलू गृहस्थ म्हणाले, माझी छप्पन्नची आहे, तीही बघा. बघितली. ती चोपन्न भरली. मग तिसरा पुढं आला. त्याचीही कमी भरली. कुजबुज वाढली. गेल्याच महिन्यात घेतली हो मी, असं कुणीतरी मागून म्हणालं. दोघंतिघं गिरिजाकडे बघायचं टाळायला लागले. एकवीस वर्षांपूर्वी मल्लाप्पाच्या दुकानासमोर अशीच माणसं जमली होती, आणि त्यांनीही असंच बघायचं टाळलं होतं. मला ते तेव्हाही दिसलं होतं.

गिरिजा आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गवंड्याची पाणसळ आणि सुतळीचा तुकडा होता. ती मला काही बोलली नाही, नदाफला म्हणाली, "साहेब, हे टोक इथं धरता का?"

तिनं सुतळीचं एक टोक पुढं, हँडलखालच्या नळीच्या माथ्यावर, नदाफला धरायला दिलं. दुसरं टोक तिनं मागं सीटच्या खांबापर्यंत ताणलं आणि खाली पाणसळ धरून बुडबुडा मधोमध येईपर्यंत टोक वर-खाली केलं. सुतळी आता अगदी आडवी होती. तिच्या खाली मधला दांडा मागं उतरत गेलेला स्पष्ट दिसत होता, आणि सीटचा खांब वर जाताना मागं कललेला होता. म्हणून सुतळी दांड्यापेक्षा लांब होती.

"आता मोजा."

नदाफनं मोजलं. "चोपन्न. बरोब्बर चोपन्न."

"पूर्वी दांडा आडवाच असायचा, तेव्हा दांडा मोजला की भागायचं," ती जमलेल्या लोकांना म्हणाली. "आता दांडा उतरता करतात, टांग टाकायला सोपं पडावं म्हणून. माप मात्र आडवंच धरतात. ज्यांना शंका आहे त्यांनी सुतळी घ्या, आपापली मोजा."

टकलू गृहस्थांनी मोजली. छप्पन्न भरली. तिसऱ्याचीही भरली. कुणीतरी हसलं, कुणीतरी चहाची दुसरी फेरी मागवली आणि पाच मिनिटांत सगळे पुन्हा आपापल्या गप्पांत गेले. नदाफनं टेप गुंडाळून माझ्या हातात ठेवला आणि नमस्कार करून निघून गेला. मी तिथंच उभा. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"मला ओळखलं होतंस," मी म्हणालो.

"पहिल्याच दिवशी. म्हणून तर सगळं दोनदा मोजलं. तुमच्या सायकलीत चूक राहिली असती, तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती." ती सुतळी बोटांभोवती गुंडाळत होती. "तुम्ही मोजलं बरोबर, काका. कुठून कुठं मोजायचं ते विचारलं नाहीत. बाबा म्हणतात, त्यांच्या वेळी पण असंच झालं."

"म्हणजे काय?"

"ते त्यांनाच विचारा. बेडगला असतात, पंधरा किलोमीटर. ही सायकल घेऊनच जा. पाठ दुखली तर परत आणून द्या."

मी गेलो. पहिले दोन किलोमीटर डगमगत गेलो, मग पाय आपोआप फिरायला लागले. वाटेत मी शंकाच घेत होतो. पोरीनं म्हाताऱ्याला फोन केला असेल, तो दारात काठी घेऊन बसला असेल, गावासमोर माझी शोभा करतील. मग वाटायचं, करू देत. अर्ध्या वाटेवर चढ लागला तेव्हा हलका गिअर टाकला आणि सायकल चढली. पाठ दुखत नव्हती. ती दुखावी अशी मी वाट बघत होतो. बेडग येईपर्यंत दुखली नाही.

स्टँडजवळ लिंबाच्या झाडाखाली पाण्याचं घमेलं आणि टायरचा ढीग होता. मल्लाप्पा पोत्यावर बसला होता. सत्तरी उलटलेली, डोळ्याला जाड चष्मा. त्यानं आधी सायकलकडे बघितलं. उठून पुढचं चाक उचलून गरकन फिरवलं, कानाशी धरल्यासारखं ऐकलं.

"गिरिजाचं काम आहे," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "सीट एक बोट वर पाहिजे. बसा, साहेब."

त्यानं पान्यानं सीट वर केली, तोपर्यंत मी पोत्यावर बसून होतो. एकवीस वर्षांपूर्वी मी या माणसाला भर बाजारात अरेतुरे केलं होतं.

"मल्लाप्पा," मी म्हणालो, "ते वजन कुठल्या काट्याचं होतं, सांगता?"

त्यानं पाना खाली ठेवला. "आता विचारताय होय," तो म्हणाला. "दुकानात दोन काटे होते. पुढचा गिऱ्हाइकाला द्यायचा. मागचा शेतकऱ्यांकडनं ज्वारी-शेंगा घ्यायचा. ते वजन मागचं."

मला समजायला एक क्षण लागला. माल देताना हलकं वजन वापरलं तर गिऱ्हाईक बुडतं. पण माल घेताना वजन हलकं असेल, तर पाच किलोचे पैसे देऊन चाळीस ग्रॅम कमी ज्वारी पदरात पडते. शिसं कधीतरी निघून पडलं असणार, आणि त्या दिवसापासून फसत होता तो मल्लाप्पा स्वतः. स्वतःलाच बुडवायला कुणी वजनातलं शिसं काढत नाही.

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की. 'साहेब, हे मागचं आहे' म्हटलं. तुम्ही म्हणाला, मागचं-पुढचं कोर्टात सांग."

मला आठवलं. मी ते तसंच म्हणालो होतो. लोक हसलेही होते.

मी म्हणालो की चूक माझी. तो मान हलवून म्हणाला की वजन हलकं होतं हे खरं, दंड भरला त्याचं काही नाही, दुकान गेलं त्याचंही आता काही नाही, पोरगी नावारूपाला आली. मग तो घमेल्यातल्या पाण्याकडे बघत बसला.

"ती ओळ मात्र नको होती," तो म्हणाला. "फसवण्याच्या हेतूने. गिरिजाच्या आईनं ती खरी मानली, साहेब. पेपरात छापलंय म्हणजे काहीतरी असणारच, म्हणायची. मी मागचं वजन, पुढचं वजन कितीदा समजावलं. ऐकून घ्यायची. सहा वर्षं माझ्याबरोबर पंक्चरं काढली तिनं, पण माझ्याकडे बघायची ती तशीच. मग गेली."

आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला आणि तो घरी घेऊन आलो. पण माझा संशय दुसऱ्याच्या घरात जाऊन सहा वर्षं राहील, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"लिहून देता?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तेच. मागचं होतं म्हणून."

मी म्हणालो की आता माझ्या लिहिण्याला काही किंमत नाही, मी खात्यात नाही, कुणाला दाखवणार? कुणाला नाही, असू दे, असं म्हणून त्यानं पंक्चरच्या हिशोबाची वही काढली, एक कोरं पान फाडलं आणि पेन दिलं. मी आमच्या अहवालाच्या भाषेत लिहिलं: सदर पाच किलोग्रॅम वजन हे खरेदीच्या, म्हणजे मागील काट्याचे होते. दुकानदाराचा फसवण्याचा हेतू नव्हता. दुकानदाराने तसे सांगितले असता निरीक्षकाने चौकशी केली नाही.

त्यानं कागद डोळ्यांजवळ धरून बोट फिरवत वाचला. मग माझ्यापुढं परत ठेवला.

"तारीख घाला."

मी त्या दिवसाची तारीख लिहायला लागलो. त्यानं माझा हात धरला.

"तेव्हाची घाला, साहेब. ती होती तेव्हाची."

तीस वर्षांच्या नोकरीत मी मागची तारीख एकदाही घातली नव्हती. ज्यांनी घातली त्यांना मी माफ केलं नव्हतं. मी लिहिलं, ११ ऑक्टोबर १९९५, आणि खाली सही केली. सहीखाली 'निवृत्त' लिहिलं नाही, कारण त्या तारखेला मी नोकरीत होतो.

मल्लाप्पानं कागदाची घडी घातली, हात धोतराला पुसले आणि मागच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. भिंतीवर त्याच्या बायकोचा हार घातलेला फोटो होता. त्यानं फोटो जरा पुढं ओढला, घडी मागं सरकवली आणि फोटो सरळ केला.

मग तो बाहेर आला आणि मागच्या टायरमध्ये हवा बघायला लागला.